मूळ आपलंच

चष्मा कपाळावर ढकलायचा, मोबाईल हातभर लांब धरायचा, डोळे बारीक करून दहा-बारा सेकंद बघायचं, आणि मग शेजारी जो कोणी असेल त्याच्या खांद्यावर हात ठेवून शांतपणे म्हणायचं, "मूळ आपलंच." लालबागच्या आमच्या चाळीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली गेलाय, असं माझी बायको म्हणते.

तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेलच. नसेल तर मोबाईलमधला कुठलाही ग्रुप उघडा, सकाळी सहाला सगळ्यात आधी जो जागा झालेला असतो तो हाच. आमचे हे गृहस्थ चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे सांस्कृतिक चिटणीस. पद इतकं जुनं की नाव मागे पडलं. सगळे त्यांना चिटणीसच म्हणत आणि मीही इथे तेच म्हणणार आहे. नोकरी एका विमा कचेरीत, आवक-जावक विभागात. आलेल्या कागदावर शिक्का मारून बाजूला ठेवायचा, हे त्यांनी उभा जन्म केलं. निवृत्त झाल्यावर शिक्का कचेरीत राहिला आणि सवय घरी आली. जगात कुठेही काही बरं दिसलं की ते आवकमध्ये. जावकची नोंद त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही.

मी स्वतः गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासत म्हातारा झालो. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा धंदाही होता आणि स्वभावही आहे. चिटणीस मला 'प्रूफवाले' म्हणत. आमची दारं शेजारी-शेजारी, गॅलरी एक, त्यामुळे त्यांचं मूळ संशोधन ऐकण्याचा पहिला मान माझा असे.

आधी त्यांचा सगळा भर युरोपवर होता. विमान आपलं, शस्त्रक्रिया आपली, शून्य तर काय, आपलंच. मग दोन वर्षांपूर्वी कधीतरी त्यांच्या मोबाईलमध्ये इंडोनेशिया शिरला. तुम्हीही बघितलं असेल. लांबलचक होडी, पन्नासएक माणसं जीव तोडून वल्ही मारतायत, आणि पार पुढच्या टोकावर काळा चष्मा लावलेलं एक पोर निवांत हात फिरवत नाचतंय. सगळं जग त्या पोरासारखे हात फिरवायला लागलं होतं. आमच्या मंडळाची मुलंसुद्धा प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक लावून रील काढत होती.

"मूळ आपलंच," चिटणीस म्हणाले.

"ते कसं काय?"

"वरळी कोळीवाड्यात होड्या नाहीत?"

"होड्या आहेत. पण पुढच्या टोकावर उभं राहून असं कोण नाचतं?"

"पूर्वी नाचत असतील."

हा 'पूर्वी' त्यांच्या फार उपयोगाचा होता. जिथे पुरावा संपे तिथे पूर्वी सुरू होई.

त्यानंतर इंडोनेशियाची रीघच लागली. मेणाने नक्षी काढलेलं कापड आलं, ते मूळ आपलंच. तिकडच्या लाल मिरचीच्या चटण्या आल्या, तो आपला ठेचा. बांबूच्या नळ्या हलवून वाजवायचं वाद्य आलं, तेव्हा मला वाटलं की आता गडी अडकला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "बांबू कुठला?" त्या देशाच्या जुन्या नोटेवर गणपती होता, हे तर त्यांनी मला इतक्या वेळा पाठवलं की ती नोट मी झोपेतही ओळखेन. दादरच्या फुटपाथवरून त्यांनी फुलाफुलांचा एक शर्ट आणला आणि सणावारी तो घालायला लागले. त्यात ते भिंतीवर लावलेल्या कॅलेंडरसारखे दिसत, पण मी बोललो नाही.

वहिनी मात्र यातल्या कशालाच हो-नाही म्हणत नसत. चिटणिसांची बायको म्हणजे कमी बोलणारी, कामात असलेली बाई. माहेर सावंतवाडीकडचं, वडील शाळामास्तर, ते आणि आई लवकर वारले, एवढंच चाळीला ठाऊक. त्यांची एक गोष्ट मात्र चाळीतल्या सगळ्या पोरांना माहीत होती. पूर्वी (हा माझा पूर्वी, खरा आहे) दिवे गेले की पोरं वहिनींच्या स्वयंपाकघरात पळत. त्या मेणबत्ती लावून भिंतीवर हातांच्या सावल्या करून दाखवत. ससा सगळ्यांनाच येतो. वहिनींचं हरीण मान वळवून मागे बघायचं, आणि त्यांच्या मारुतीची शेपटी हळूहळू लांब होत छतापर्यंत जायची. माझी मुलगी आता चाळिशीला आली, तिला ती शेपटी अजून आठवते. आम्ही मोठ्यांनी त्याचा कधी विचार केला नाही. बायकांना असलं काहीतरी येतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या आषाढात चिटणिसांना जावामधला एक सावल्यांच्या खेळाचा कलाकार सापडला. पांढरा पडदा, त्याच्यामागे दिवा, आणि चामड्याच्या नक्षीदार बाहुल्या. राम, सीता, रावण, सगळे हजर. लाखो लोक तो खेळ बघत होते. चिटणिसांनी त्याखाली दोन शब्द लिहिले: मूळ आपलंच. पुढे नमस्काराचे सहा हात.

आता बाकीचे लोक अशा वेळी भांडतात. हा कलाकार सज्जन निघाला. त्याने मशीनकडून भाषांतर करून उत्तर दिलं. मी ते वाचलंय: "होय, कथा तुमच्या भूमीची आहे. आम्ही आदर करतो. तुमच्या गावात हा खेळ कसा खेळतात, कृपया दाखवा."

एवढ्या नम्रतेपुढे कुणालाही लाज वाटली असती. चिटणिसांना अभिमान वाटला. ते गॅलरीभर मोबाईल घेऊन फिरले. "तिकडचा मोठा माणूस आपल्याकडे शिकायला मागतोय," म्हणाले, आणि तिथल्या तिथे त्याला लिहून टाकलं की येत्या गणपतीत दाखवतो, लाइव्ह.

मला तेव्हा सहज आठवलं, म्हणून मी विचारलं. "चिटणीस, आपल्या कुडाळच्या बाजूला असायचं ना असं काहीतरी? चामड्याच्या बाहुल्या, देवळात खेळ करायचे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला नाही. चष्मा कपाळावरून खाली घेतला, तो शर्टाला पुसला. "ते वेगळं," म्हणाले. "ते मागून खाणारे लोक करायचे. ते आपलं नव्हे."

आत भांडी घासण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. मला वाटलं पाणी गेलं असेल. आमच्याकडे पाणी त्याच सुमाराला जातं.

मंडळाच्या बैठकीत चिटणिसांनी 'सागरापार आपली संस्कृती' असा ठराव मांडला आणि तो पास झाला, कारण चहा थंड होत होता. बाहुल्या बनवायचं काम मखराचं प्लायवुड कापणाऱ्याला दिलं. त्याच्याकडे एकच साचा. राम, लक्ष्मण, रावण तिघांना तोंड एकच; रावणाला वरून मिशी चिकटवली. सीतेलाही तेच तोंड होतं, पण तिला साडी मिळाल्यामुळे निभावलं. मारुतीची शेपटी बिजागरीवर बसवली होती. तालमीला चिटणीस मोबाईलमध्ये बघून हात हलवत आणि मुलं त्यांच्याकडे बघून हलवत.

खेळ गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, रात्रीच्या आरतीनंतर ठरला. पडदा म्हणून कुणाच्या तरी घरची डबल बेडची चादर. समोर सगळी चाळ, बायका एका बाजूला, तिपाईवर मोबाईल, आणि मोबाईलच्या पलीकडे जावामध्ये तो सज्जन कलाकार आपलं काम सोडून बसलेला. चिटणीस कॅलेंडर शर्टात. त्यांनी दहा मिनिटं प्रस्तावना केली. नोटेवरचा गणपती त्यात दोनदा आला.

मग खेळ सुरू झाला आणि कुणाला काहीच दिसेना.

तुम्ही लालबागचा मंडप बघितला असेल तर कारण सांगायला नको. वर हॅलोजन, बाजूला एलईडी, मूर्तीवर स्पॉट, झालरीला माळा, आणि रीलसाठी मुलांनी आणलेली दोन गोल लायटं वेगळी. चादर दोन्ही बाजूंनी लखलखत होती. पडद्यामागे राम आणि रावण एकमेकांवर आपटत होते, प्लायवुडचा ठोकाठोकीचा आवाज येत होता, सावली म्हणून नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "फर्निचरचं काम चाललंय वाटतं." हशा झाला. मीही हसलो. खरं सांगायचं तर ते वाक्य माझंच होतं.

"अध्यक्ष, जरा लाइट कमी करा," चिटणीस पडद्याआडून म्हणाले.

"अहो कसं करणार? बाप्पाच्या तोंडावर अंधार? आणि रीलमध्ये काय येणार?"

चिटणीस पडद्याच्या बाहेर आले. घाम आला होता. त्यांनी मोबाईलकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. मी हसायचं थांबलो.

तेव्हा बायकांच्या बाजूने वहिनी उठल्या. पदर खोचला आणि सरळ अध्यक्षांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"येवढ्या उजेडात सावली खंय दिसतली? बंद करा सगळा."

"पण वहिनी, बाप्पासमोर..."

"बाप्पाक समईचो उजेड पुरता."

आमच्याशी त्या इतकी वर्षं पुस्तकातलं मराठी बोलत आल्या होत्या. मालवणी ऐकून अध्यक्ष गडबडले आणि त्यांनी स्वतःच जाऊन मेन स्विच पाडला. मंडपात समई तेवढी राहिली. वहिनींनी आरतीची पंचारती उचलली, पाचही वाती लावल्या आणि दांडा नवऱ्याच्या हातात दिला.

"माझ्या डोक्यार धरा. खाली इली तर माझी सावली पडतली."

मग त्या पडद्यामागे मांडी घालून बसल्या. राम-रावण बाजूला सारले. मारुती तेवढा घेतला, त्याच्या शेपटीची बिजागरी दाताने धरून वाकवली आणि त्याला चादरीला टेकवला.

ते काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. मारुती समुद्राच्या काठी उभा होता एवढं कळत होतं. समुद्र कुठेच नव्हता. वहिनी गात होत्या, गळा काही गोड नव्हता, पण त्यात ताल होता आणि मध्येच त्या टाळी वाजवल्यासारखा मांडीवर हात मारत. बाहुली पडद्यापासून जराशी मागे आली की मारुती मोठा होई, इतका की पहिल्या रांगेतल्या लहान मुलांनी माना मागे टाकल्या. वाती हलत तसा तो श्वास घेत होता. प्लायवुडचा होता, मी त्याला दुपारी रंग वाळत असताना बघितला होता, तरीही घेत होता.

संपलं तेव्हा बराच वेळ कुणी दिवे लावायला उठलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "कुठे शिकलीस गं हे?"

"माझ्या बापाशीन शिकवल्यान," वहिनी म्हणाल्या. उठल्या, साडी झटकली. "मास्तर नव्हतो तो. कुडाळाकडे देवळांत बावले नाचवी. हंय इलो होतो एकदा. गॅलरीत बसान चाय पिऊन गेलो."

आणि त्या घरी निघून गेल्या.

चिटणीस पंचारती तशीच वर धरून उभे होते. खाली करा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तूप दांड्यावरून ओघळून शर्टाच्या बाहीवर सांडत होतं. तिपाईवरच्या मोबाईलमध्ये त्या जावाच्या माणसाचं वाक्य येऊन थांबलं होतं: "ही बाई कोण आहे? हिच्या गुरूंचं नाव कृपया सांगा."

त्या म्हाताऱ्याला मी बघितलं होतं. घरी येऊन पाठ टेकली तेव्हा आठवलं. वीसेक वर्षांमागची दुपार, गॅलरीत स्टुलावर बसलेला सडपातळ म्हातारा, पायाशी लांबट गाठोडं. पोरं जमली तशी त्याने गाठोड्यातून एक चामड्याचा मारुती काढून उन्हात धरला होता आणि समोरच्या भिंतीवर तो उमटला होता. मी चिटणिसांना विचारलं होतं, कोण हो? "गावचा माणूस. हिच्या ओळखीचा," असं म्हणून त्यांनी म्हाताऱ्याच्या हातातला कप घेतला होता. वहिनी दाराच्या आत उभ्या होत्या. उंबऱ्याच्या आत त्या, बाहेर बाप. मी ते सगळं बघून आत जेवायला गेलो होतो. आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या आणि ही माझ्या दाराशी होती ती दिसली नाही.

चार दिवसांनी चिटणीस त्याच स्टुलावर येऊन बसले. आपणहून सांगायला लागले. लग्नाआधी परळच्या एका खानावळीत ते जेवायला जात तेव्हा ही तिथे वाढायला होती. खानावळवाली तिची मावशी. आवडली. आई घरात घेणार नव्हती, बाहुल्यावाल्यांची मुलगी म्हटल्यावर तर मुळीच नाही. म्हणून मास्तरांची केली. आईवडिलांना मारून टाकलं, म्हणजे कुणी चौकशीला जायला नको.

"आईसाठी केलंत, समजलं," मी म्हटलं. "पण तुमची आई जाऊन पंचवीस वर्षं झाली, चिटणीस."

"सवय झाली होती," म्हणाले.

मला राग आला होता. तो अजून गेला नाही, हे इथे लिहून ठेवतो. जगातला प्रत्येक ठेवा आपला म्हणणाऱ्या माणसाच्या घरात एक ठेवा भाकऱ्या भाजत होता आणि तेवढ्यावर मात्र त्याचा हक्क नव्हता. पण त्या बाहीवरचा तुपाचा डागही मला दिसत होता. शर्ट धुतला होता, डाग गेला नव्हता.

"काय म्हणाल्या वहिनी?"

"काही नाही. मारुती मागितला. मंडळाचा आहे म्हटलं, तर म्हणाली, विचारून आणा." मग जरा थांबून, "तिकडे भाऊ आहे तिचा. बापाच्या बाहुल्या त्याने ठेवल्यात म्हणते. दिवाळी झाली की जाऊ म्हणते."

"मग?"

"मला तिथे कुणी घरात घेईल का, प्रूफवाले?"

गॅलरीत चहा तरी मिळेल, असं जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटतो.

ते दोघं तुळशीच्या लग्नानंतर गेले. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले, त्याला आता तीन महिने होतील. खोलीला कुलूप आहे. सकाळी सहाला ग्रुप शांत असतो. मध्यंतरी कुठल्याशा देशात कुणीतरी दगडावर चटणी वाटताना दिसलं, तेव्हा चाळीत सगळ्यांनी वाट बघितली, कुणीही काही लिहिलं नाही. माझा उजवा खांदा हल्ली ठीक आहे आणि मला ते आवडत नाही.

गेल्या आठवड्यात त्या जावाच्या माणसाच्या पानावर एक व्हिडिओ दिसला. त्याने तो मोठ्या मानाने सगळ्यांना दाखवला होता. देवळाचा सभामंडप, धोतर ताणून केलेला पडदा, आणि कुणीतरी पडद्यामागूनच शूटिंग केलेलं, त्यामुळे खेळ करणारे सगळे दिसत होते. वहिनी मांडी घालून बसलेल्या. हातात चामड्याचा मारुती, काळपट, कडेने ठिगळ लावलेला. तो मी भिंतीवर बघितला होता. मागे कॅलेंडर शर्टातला एक म्हातारा दोन्ही हातांनी दिवा डोक्यावर धरून उभा. मध्येच दिवा खाली आला, तशी वहिनी गाणं न थांबवता म्हणाल्या, "वर धरा," आणि तो वर गेला.

खाली जगभरच्या लोकांचं कौतुक होतं. त्याच्याही खाली, आरतीच्या दिवसापासून लोंबकळत राहिलेला तो जुना प्रश्न त्या भल्या माणसाने पुन्हा विचारला होता: गुरूंचं नाव काय?

चिटणिसांनी उत्तर लिहिलं होतं. आधी म्हाताऱ्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, गावासकट. ते माझ्यापाशीच राहू दे. त्यापुढे दोनच शब्द होते.

माझे सासरे.